आयएफएससी संकेतांक : अकरा चिन्हांचे वाचन



मागील घटकात आपण सोस्यूरच्या विवेचनाच्या आधारे भाषिक चिन्हाची यादृच्छिकता अभ्यासली. 'झाड' हा ध्वनिसमूह आणि प्रत्यक्ष झाड यांच्यात कोणतेही नैसर्गिक नाते नसते, ते नाते समाजाने मान्य केलेले असते, हे आपण पाहिले. या पाठात आपण अशाच एका चिन्हरचनेकडे वळणार आहोत. ती आपल्या पासबुकावर आणि धनादेशावर छापलेली असते, मात्र भाषेचे अभ्यासक म्हणून आपण तिच्याकडे सहसा पाहत नाही. ही रचना म्हणजे बँकशाखेचा आयएफएससी संकेतांक.

मराठीच्या अभ्यासक्रमात बँकेचे संकेतांक कशासाठी, असा प्रश्न काहींना पडेल. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून संपर्कसत्रांना येणाऱ्या विद्यार्थ्यांनीच मला या विषयाकडे वळवले. कोणी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकून त्याची पट्टी खात्यावर घेतो, कोणी पुण्यात नोकरी करून दरमहा घोडेगावला घरी पैसे पाठवतो. संकेतांक फोनवर सांगणे, ऐकणे, लिहून घेणे ही सर्व भाषिक कृत्येच आहेत, आणि त्यांतील चूक शुद्धलेखनाच्या चुकीहून पुष्कळ महाग पडते.

प्रथम रचना पाहू. आयएफएससीमध्ये एकूण अकरा चिन्हे असतात. पहिली चार रोमन अक्षरे बँक सांगतात. बँक ऑफ महाराष्ट्रसाठी 'एम-ए-एच-बी', भारतीय स्टेट बँकेसाठी 'एस-बी-आय-एन', बँक ऑफ इंडियासाठी 'बी-के-आय-डी'. पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. शेवटची सहा चिन्हे शाखा दाखवतात. ती बहुधा अंक असतात, पण अक्षरेही असू शकतात. धनादेशाच्या तळाशी छापलेला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक हा याहून वेगळा आहे. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. तो धनादेश वटवण्यासाठी आहे, पैसे पाठवण्याच्या अर्जात त्याचा उपयोग नाही. दोहोंची गल्लत वारंवार होते.

पाचव्या स्थानावरील शून्याजवळ क्षणभर थांबावे असे मला वाटते. या शून्याला आज कोणताही अर्थ नाही. पुढे गरज पडली तर वापरता यावी म्हणून ती जागा राखून ठेवलेली आहे. आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात दानांच्या संख्या ब्राह्मी अंकचिन्हांनी कोरलेल्या आहेत. तेथे दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, कारण जागा धरून ठेवणारे शून्य त्या लिपिकारांजवळ नव्हते. सतरा लिहायचे तर दहाचे चिन्ह आणि त्यापुढे सातचे चिन्ह. सुमारे दोन हजार वर्षांनंतर त्याच मुलखातील शेतकऱ्याच्या पासबुकावर निव्वळ जागा धरून बसलेले एक शून्य छापलेले आहे. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, ते शून्यच असते, रोमन 'ओ' कधीच नसते. फोनवर कोणी 'ओ' म्हटले तरी पाचव्या स्थानी शून्यच लिहावे.

चिन्हे यादृच्छिक असली तरी त्यांना इतिहास असतो. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. देनाचे जुने संकेतांक बाद झाले आणि त्या शाखांना बडोद्याची चार अक्षरे मिळाली, तरी शून्यापुढे 'डी-बी' ही अक्षरे राहिली. विजयाच्या शाखांत तशीच 'व्ही-जे' आली. बोलीत जुन्या भाषेचे अवशेष उरतात तसाच हा प्रकार आहे. पुढील वर्षी, १ एप्रिल २०२० रोजी, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाल्या, तेव्हाही संकेतांक बदलले. म्हणून जुन्या वहीत लिहून ठेवलेला संकेतांक तसाच वापरू नये. खातेदाराच्या नव्या पासबुकावरून किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीवरून तो पडताळावा. आणखी एक बाब ग्रामीण भागात लक्षात ठेवावी. काही सहकारी बँका दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत या व्यवस्थेत सहभागी होतात, त्यामुळे त्यांच्या संकेतांकाची पहिली चार अक्षरे त्या मोठ्या बँकेची असू शकतात. त्यात फसवणूक नाही. पतसंस्था मात्र बँक नव्हे, तिला स्वतःचा आयएफएससी नसतो.

आता मुख्य मुद्दा. नैसर्गिक भाषेत पुनरुक्त माहिती भरपूर असते. 'मुली शाळेत गेल्या' या वाक्यात अनेकवचन नामातही आहे आणि क्रियापदातही. एखादी मात्रा गळली तरी वाचक ती मनाने भरून काढतो. खाते क्रमांकात अशी सोय फारशी नसते. एक अंक बदलला की दुसऱ्या माणसाचे खाते होऊ शकते. आपल्या पूर्वजांना हा धोका ठाऊक होता. हुंडी लिहिताना रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहीत, शिवाय तिची निमी रक्कम देऊन त्याच्या दुप्पट असेही नमूद करीत. एकच गोष्ट तीन प्रकारे सांगितली की खाडाखोड लपत नाही. आजच्या अर्जात खाते क्रमांक दोनदा भरायला लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पण पहिल्या वेळचा क्रमांक उचलून दुसऱ्या रकान्यात चिकटवणारा माणूस त्या तत्त्वाचा पराभव करतो.

हे मी अनुभवाने सांगतो. २०१४ सालच्या पावसाळ्यात आंबेगाव तालुक्यातील माझी काकू रुग्णालयात होती आणि अनामत रक्कम तातडीने भरायची होती. चुलतभावाने फोनवर त्याचा खाते क्रमांक सांगितला. सवयीप्रमाणे त्याने दोन-दोन अंकांच्या जोड्या केल्या. एक जोडी 'एकोणसाठ' होती. कानाने 'साठ' पकडले, हाताने सहा लिहिले आणि पुढे नऊ मांडला. एकोणसाठचे एकोणसत्तर झाले. लाभार्थीच्या नावाचे स्पेलिंग मात्र मी तीनदा तपासले होते! चाळीस हजार रुपये कोणा अनोळखी माणसाच्या खात्यावर गेले आणि परत यायला तेवीस दिवस लागले. त्या रात्री अनामत भरली ती शेजाऱ्यांनी, सकाळी आलेल्या टोमॅटोच्या पैशांतून. भाषाविज्ञानाची पदवी माझ्या काहीही उपयोगाची ठरली नाही.

या चुकीत दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत. पहिली मराठीची. आपल्या संख्यावाचक शब्दांत एकक आधी आणि दशक नंतर येतो, आणि 'एकोण'युक्त शब्द तर पुढच्या दशकाचे नाव घेतात. लिहिताना क्रम उलटा. म्हणून खाते क्रमांक सांगताना जोड्या करू नयेत, 'पाच, नऊ' असा एकेक अंक उच्चारावा आणि ऐकणाऱ्याने तो पुन्हा म्हणून दाखवावा. रोमन अक्षरांतही 'बी' आणि 'डी', 'एम' आणि 'एन' फोनवर सारखे ऐकू येतात. तेथे 'मंचरचा एम', 'नारायणगावचा एन' असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. देवनागरी चार घाईत रोमन आठासारखा वाचला जातो, तेव्हा कागदावर लिहून देताना एकाच लिपीतील अंक वापरावेत. सर्वांत उत्तम म्हणजे पासबुकाच्या पानाचे छायाचित्र मागवणे.

दुसरी गोष्ट व्यवस्थेची. ऑक्टोबर २०१०च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार अशा व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा केली जाऊ शकते, नाव जुळलेच पाहिजे असे नाही. क्रमांक अस्तित्वातच नसेल तर रक्कम परत येते. तो दुसऱ्या कोणाचा असेल तर ती त्याच्या खात्यावर बसते, आणि त्याच्या संमतीशिवाय बँक ती सहसा परत काढून घेत नाही. ही उणीव आता बरीचशी भरून निघाली आहे. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी, क्रमांक व आयएफएससी भरल्यावर खातेदाराचे नाव दाखवणारी सुविधा १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. ते नाव वाचल्याविना पुढचे बटण दाबू नये. नव्या खात्यावर आधी दहा रुपये पाठवून, ते मिळाल्याचे फोनवर विचारून, मगच मोठी रक्कम पाठवण्याची जुनी युक्तीही सोडू नये.

मार्गाची निवड सोपी आहे. एनईएफटी २००५ पासून आहे आणि डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र, दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी चालते. आरटीजीएस किमान दोन लाखांपासून. आयएमपीएसने पैसे तत्काळ जातात, आणि तत्काळ गेलेली चूकही तितक्याच वेगाने जाते. पैसे पाठवल्यावर मिळणारा यूटीआर क्रमांक जपून ठेवावा, तक्रार करताना पहिल्यांदा तोच विचारतात.

शेवटी व्याकरणाचा एक मुद्दा. पैसे घेण्यासाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी देणे ही रीतच आहे. पिन किंवा ओटीपी मात्र खात्यातून पैसे काढण्यासाठी असतात. म्हणून 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही व्यवहारदृष्ट्या अशक्य आहे. त्यात 'जमा' आणि 'नावे' यांची अदलाबदल केलेली असते. असा संदेश आला आणि पैसे गेले तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेलाही सांगावे.

स्वाध्याय : आपल्या पासबुकावरील आयएफएससी पाहून त्यातील बँक, राखीव शून्य आणि शाखा हे तीन भाग वेगळे करा. नंतर कोणताही बारा अंकी काल्पनिक क्रमांक घरातील व्यक्तीला फोनवर आधी जोड्यांनी आणि मग एकेक अंकाने सांगा. दोन्ही वेळी लिहिले गेलेले कागद संपर्कसत्राला घेऊन या. खरा खाते क्रमांक त्यावर लिहू नका.