रॉक संगीताचे मासिक आणि आपली शिरोरेखा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

दिवाळीच्या सुमारास बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानावरून बसने नुसते पुढे गेले, तरी मांडलेल्या अंकांत दिवाळी अंक कोणते हे ओळखू येते. जाड अंक, गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर रंगवलेली स्त्री, बहुधा हाती दिवा. ‘आवाज’ असेल तर कापलेली खिडकी. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाचक आणि संपादक यांच्यात हा न लिहिलेला करार होत आला आहे. वाचक म्हणतो, मला दुरून ओळखू दे. संपादक म्हणतो, ओळखलेस तर आत तुला हवे ते मिळेल. अशा करारातल्या कलमांना मी या लेखात ‘संकेत’ म्हटले आहे.

जनसंवादाच्या सरांनी गेल्या सत्रात एक काम दिले. एका नव्या मासिकाचा नमुना अंक तयार करायचा. प्रकार कोणताही चालेल, पण त्या प्रकाराचे संकेत पाळलेले असले पाहिजेत आणि प्रत्येक संकेत का पाळला हे सांगता आले पाहिजे. वर्गातील बहुतेकांनी पाककृती, क्रिकेट, स्पर्धा परीक्षा असे विषय घेतले. मी रॉक संगीत घेतले. प्रताप नगरात आमच्या गल्लीत पहाटे भूपाळी लागते आणि गणपतीत डीजे. पण मावसभावाच्या जुन्या फोनमध्ये मला हे संगीत सापडले आणि रद्दीच्या दुकानात ‘रॉक स्ट्रीट जर्नल’चे दोन अंक किलोच्या भावाने मिळाले. एका वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने विषय ऐकून म्हटले, “ते इंग्रजी माध्यमवाल्यांचं काम आहे.” मला उत्तर सुचले नाही. उत्तर म्हणून हा अंक काढला, असे म्हटले तरी चालेल.

प्रथम हे संकेत आले कुठून ते पाहू. अमेरिकेत १९६६ च्या फेब्रुवारीत पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ‘क्रॉडॅडी’ हे रॉकविषयक नियतकालिक काढले, तेही सायक्लोस्टाइलसारख्या यंत्रावर. पुढच्या वर्षी, ९ नोव्हेंबर १९६७ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोहून जॅन वेनरने ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक काढला. मुखपृष्ठावर जॉन लेनन होता. त्याचे शीर्षनाम रिक ग्रिफिन या चित्रकाराच्या हातचे, आणि हा ग्रिफिन रॉक मैफिलींची भित्तिपत्रके रंगवणारा. म्हणजे रॉक मासिकाचे वळणदार शीर्षनाम भिंतीवरून आले. लंडनमध्ये जुलै १९७६ मध्ये मार्क पेरी या एकोणीस वर्षांच्या बँक कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ काढले, त्यात मथळे जाड स्केचपेनने हाताने लिहिलेले आणि प्रती झेरॉक्सच्या. आज मोठ्या कंपन्या संगणकावर मुद्दाम ओबडधोबड अक्षर काढतात, ते या कारकुनाच्या गरिबीचे अनुकरण आहे. (माझे वयही एकोणीसच आहे, साम्य इथेच संपते.) आणि १९८१ च्या जूनमध्ये ‘साउंड्स’ या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून ‘केरँग’ आले. ते नाव म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवर जोराने हात मारल्यावर उठणारा आवाज. त्याचे शीर्षनाम तडकलेल्या काचेसारखे.

आपल्याकडेही हे नवीन नाही. कलकत्त्याच्या स्टेट्समनचे ‘जूनियर स्टेट्समन’ १९६७ ते १९७७ पर्यंत चालले. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ साली अमित सैगल यांनी सुरू केले, आणि कुठून, तर अलाहाबादहून! (आता ते प्रयागराज.) मुंबईतून ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती निघाली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००८ साली. अलाहाबादचे नाव वाचले त्या दिवशी मला नागपूरविषयी बराच धीर आला. ही सारी नियतकालिके इंग्रजी होती. आमच्या भाषेत सायक्लोस्टाइलवर निघालेली नियतकालिके होती, उदाहरणार्थ १९५० च्या दशकातले ‘शब्द’, पण ती कवितेची. त्यामुळे मराठी रॉक मासिकाचा नमुना समोर नव्हता आणि मला संकेत इंग्रजीकडून घ्यावे लागले. खरी गंमत इथून सुरू झाली.

नाव मी ‘खणाण’ ठेवले. ‘केरँग’ला आवाजाचे नाव चालते, तर मराठीत अनुकरणवाचक शब्दांचा काय तोटा? आधी ‘दणका’ मनात होते, पण ते गल्लीतल्या साप्ताहिकाचे नाव वाटले. शीर्षनामासाठी मी जाड अक्षरे घेतली, त्यांना ‘केरँग’सारख्या भेगा पाडल्या, शिरोरेषा तीन ठिकाणी तोडली आणि भिंतीला टेकवून लांबून पाहिले. मला फारच आवडले.

माझे वडील महालातल्या एका छापखान्यात बाइंडिंगचे काम करतात. शिक्षण सातवीपर्यंत. महाविद्यालयाच्या अर्जात मी वडिलांच्या व्यवसायापुढे ‘खाजगी नोकरी’ लिहिले होते. त्या रात्री ते जेवून उठले, भिंतीजवळ गेले आणि वाचू लागले.

“रव... णाण. हे काय लिवून राहिली वं?”

“बाबा, ते खणाण आहे. मासिकाचं नाव.”

“नाव आहे त वाचता आलं पायजे ना.”

मला राग आला. मग मी पुन्हा पाहिले. भेग नेमकी ‘ख’च्या मधून गेली होती आणि त्याचे ‘रव’ झाले होते. हा ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोळ देवनागरीत जुनाच आहे, म्हणून तर ‘ख’चे दोन भाग खाली जोडून लिहितात. पण दोष केवळ त्या एका अक्षराचा नव्हता. रोमन लिपीत अक्षरे मुळातच सुटी असतात. त्यांना तडा गेला तरी शब्द शाबूत राहतो, कारण शब्द मोकळ्या जागेने ठरतो. आपल्याकडे शब्द ठरतो शिरोरेषेने. ती तोडली की एका शब्दाचे तीन तुकडे होतात आणि वाचक प्रत्येक तुकडा वेगळा वाचू पाहतो. ‘केरँग’च्या भेगांचा हेतू आवाज दाखवणे हा होता. माझ्या भेगांनी आवाजाऐवजी अर्थच फुटला. मी शिरोरेषा पुन्हा सलग केली, गिटारच्या ताणलेल्या तारेसारखी आडवी, आणि भेगा फक्त अक्षरांच्या पायांशी ठेवल्या. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके काढली त्यांच्या प्रतिमा मी नंतर मुद्दाम शोधून पाहिल्या. अक्षर कितीही नाचले तरी नाव वाचता येते. हे मी आधी पाहायला हवे होते.

दुसरी अडचण ओरडण्याची. इंग्रजी रॉक मासिकाचे मुखपृष्ठ मोठ्या लिपीतल्या अक्षरांत ओरडते. आपल्याला मोठी-लहान लिपीच नाही! मग जाडी आणि आकार यांवरच भागवावे लागते. तेथे मथळ्याच्या ओळी एकमेकींना चिकटवून विटांसारख्या रचतात. मराठीत खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात शिरते. ‘नंदू’ या दोन अक्षरांतच डोक्यावर अनुस्वार आहे आणि पायाशी ऊकार. ओळींत अंतर सोडले की भिंत पोकळ दिसते. दोन दिवस मी वेलांटी-उकार नसलेले शब्द शोधत बसले, आणि मथळे हास्यास्पद होऊ लागल्यावर तो नाद सोडला. शेवटी ‘मुक्ता’ या मुक्तपणे मिळणाऱ्या टंकाची सर्वांत जाड तऱ्हा घेतली आणि प्रत्येक ओळ वेगळ्या पट्टीवर ठेवली. पट्ट्या तिरप्या केल्या. अंतर राहिले, पण ते मुद्दाम ठेवल्यासारखे दिसते.

मुखपृष्ठावरील ठळक ओळी डाव्या बाजूस असाव्यात असाही संकेत आहे. त्याचे कारण कळले तेव्हा मी तो मोडला. तिकडच्या दुकानांत मासिके फळीवर उभी, एकावर एक सरकवून ठेवतात, त्यामुळे डावी कड तेवढी दिसते. आपल्या स्टेशनवरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर अंक पायऱ्यांसारखे रचतात आणि वरची चार बोटे दिसतात, नाहीतर दोरीला चिमट्याने टांगतात. चिमटा बरोबर नावाच्या मध्यावर येतो. म्हणून ‘खणाण’ मी किंचित खाली घेतले आणि त्याच्यावर एक बारीक ओळ टाकली, चिमट्याखाली गेली तरी चालेल अशी.

मुखपृष्ठावर एकच कलावंत, समोर पाहणारा, हा संकेत मात्र पूर्ण पाळला. कोण असावा यावर मी फार विचार केला. परदेशी चेहरा टाकला असता तर त्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याचे म्हणणे खरे ठरले असते. मी नंदू भेंडे निवडले. आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव मुंबईत इंग्रजी रॉक गात. अलेक पदमसी यांच्या १९७४ च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक-ऑपेरात ते ज्यूडास होते. चार वर्षांनी, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांड्यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणले, त्यातला अंकुश नंदू भेंडे यांनी उभा केला. ब्रेख्तच्या मूळ नाटकावरून केलेल्या या मराठी नाटकात नाट्यसंगीताच्या शेजारी रॉक होते. म्हणजे जे ‘आपले नाही’ ते आपल्या रंगभूमीवर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी येऊन गेले होते. नंदू भेंडे २०१४ साली वारले. कोणाचे छायाचित्र परवानगीशिवाय छापायचे नाही म्हणून वर्गमैत्रिणीकडून कोळशाने रेखाचित्र काढून घेतले. डोळे मात्र सरळ वाचकाकडे.

आतली पाने मी वीस ठरवली होती. वडिलांनी विचारले, “फर्मा किती पानांचा?” मला फर्मा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. त्यांनी वर्तमानपत्राचा एक कागद घेतला, तीनदा घडी घातली आणि प्रत्येक पानावर पेन्सिलने आकडे टाकले. कागद उघडला तर १ च्या शेजारी १६ आणि काही आकडे उलटे. सोळा पाने म्हणजे एक फर्मा; वीस केली तर चार पानांसाठी वेगळा कागद आणि वेगळा खर्च. मग त्यांनी मधले पान दाखवले. पिन मारलेल्या अंकात ८ आणि ९ ही पाने एकाच सलग कागदावर येतात. रॉक मासिकात भित्तिचित्र नेहमी मध्यावर का असते हे मी पुस्तकांत शोधत होते, आणि ते घरातल्या चटईवर उलगडले. पिना सरळ करा, चित्र न फाटता हाती येते.

संपूर्ण काळे पान आणि त्यावर पांढरी अक्षरे, हाही या प्रकाराचा आवडता संकेत. वडिलांनी नकार दिला. भरगच्च काळ्या शाईला वाळायला वेळ लागतो, वरच्या कागदाच्या पाठीवर डाग उठतो. शिवाय चार रंगांतून काळा केला आणि एक रंग केसभर सरकला, तर पांढऱ्या अक्षरातली बारीक गाठ बुजते. ‘ष’ आणि ‘प’ सारखे दिसू लागतात. काळे पान मी एकच ठेवले, एका शाईचे, त्यावर तीनच शब्द.

मुलाखतीच्या जोडपानावर एक मोठे वाक्य ठळक छापण्याची पद्धत आहे. माझ्याकडे मुलाखत नव्हती. मैत्रिणी म्हणाल्या, दोन वाक्ये बनवून टाक, नमुनाच तर आहे. मी टाकली नाहीत. डावीकडे चित्राची चौकट, उजवीकडे रिकामे रकाने आणि वर ‘प्रश्न तयार आहेत’ एवढेच. सरांनी याचे दोन गुण कापले, आणि त्यांचे बरोबर होते.

वडिलांनी अंक छापखान्यात नेऊन कडा कापून आणल्या. श्रेयनामावलीत ‘मांडणी’पुढे माझे नाव आहे आणि ‘फर्मा व बांधणी’पुढे त्यांचे. त्यांनी ते दोनदा वाचले आणि स्वतःच्या नावातला एक ऱ्हस्व दीर्घ करायला सांगितला. अंक सध्या ग्रंथालयात दाराजवळच्या टेबलावर आहे. पान १० आणि ११ अजून कोरी आहेत. शहरात कोणी गिटार वाजवणारे बोलायला तयार असेल, तर प्रश्न माझ्या वहीत आहेत.