पाजायला स्वच्छतागृहात का जायचं?

प्रश्न : मॉलमध्ये बाकावर बसून पाच महिन्यांच्या लेकीला पाजत होते. सुरक्षारक्षक बाईंनी ‘टॉयलेटमध्ये जा’ म्हणून उठवलं. आता आम्ही मैत्रिणी बाळांना घेऊन तिथेच बसणार आहोत. गुन्हा दाखल होईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाजल्याबद्दल नाही. चारचौघांत पाजायला मनाई करणारा कायदाच आपल्याकडे नाही. न्याय संहितेचं कलम २९६ अश्लील कृत्यांसाठी आहे. भुकेलं बाळ त्यात बसत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपानाला कलंक मानू नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं आहे. त्या आदेशाची प्रत जवळ ठेवा.

मॉल मात्र खासगी जागा. घोळका करून बसलात, तर मूळ मुद्दा बाजूला पडून हुज्जतच होईल. आधी व्यवस्थापकांना पत्र द्या, पोच घ्या. मागणी एकच ठेवा : पाजणाऱ्या आईला कुणी उठवायचं नाही, अशी लेखी सूचना रक्षकांना मिळावी. त्या बाईंवर राग काढू नका, त्या हुकमाच्या ताबेदार. उत्तर नाहीच आलं, तर बाहेर बसा. पोलीस ठाण्यात आधी कळवून. आईला विचारल्याशिवाय फोटो काढू देऊ नका.

‘हिरकणी कक्ष आहे ना!’ हे ऐकावं लागेलच. एसटी स्थानकांवरचे, बाळाला पाजण्यासाठीचे हे कक्ष हवेतच (आणि कुलूप दिसलं, तर आगारप्रमुखांकडे लेखी तक्रार करा). पण कक्ष सोयीसाठी, सक्तीसाठी नव्हे.

स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्टला असतो. त्याआधी उत्तर यावं म्हणून पत्र जुलैतच द्या.