कच्चा लिंबू नव्हे, खरा गडी

प्रस्तावना

लहानपणी शिवाशिवी किंवा लगोरी खेळताना तुम्ही ‘कच्चा लिंबू’ हे शब्द ऐकले असतील. एखादे अगदी लहान भावंड खेळायचा हट्ट धरते. त्याला ‘नाही’ म्हणवत नाही आणि बरोबरीने खेळवताही येत नाही. मग मोठी मुले त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवतात. ते सर्वांबरोबर धावते, ओरडते; पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बाद झाले तरी धरले जात नाही. लहान भावंडाच्या बाबतीत ही सवलत मायेची असते, कारण वर्ष-दोन वर्षांत ते मोठे होऊन खरा गडी होणार असते. परंतु एखाद्या विद्यार्थ्याला केवळ त्याच्या अपंगत्वामुळे कायमचा कच्चा लिंबू ठरवले तर? प्रस्तुत पाठात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• दिव्यांग विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षण का आवश्यक आहे, हे सांगू शकाल;
• खेळाचे नियम व साधने कशी बदलता येतात, हे उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• रास्त काळजी आणि अनाठायी भीती यांतील फरक ओळखू शकाल;
• पाठातील शब्द व वाक्प्रचार यांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. पारावरचा विद्यार्थी

शाळेच्या वेळापत्रकातील खेळाचा तास बहुतेक मुलांना प्रिय असतो. घंटा होताच वर्ग रिकामा होतो आणि मैदान गजबजून जाते. मात्र मैदानाच्या कडेला, झाडाच्या पारावर, एखादे मूल एकटेच बसून राहते. कुणाला चालता येत नसते, कुणाला दिसत नसते. मित्रांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणे किंवा फार तर गुण मोजणे, एवढेच काम त्याच्या वाट्याला येते.

यामागे कुणाचा दुष्टावा नसतो. मूल पडेल, त्याला लागेल, पालक जाब विचारतील, अशी धास्ती शिक्षकांना वाटते. पालकांनाही तीच भीती वाटते आणि ते खेळाच्या तासातून सूट मिळावी म्हणून अर्ज देतात. सूट मिळते. ती दयाबुद्धीने दिलेली असते. पण तिचा परिणाम शिक्षेसारखा होतो.

वास्तविक, ज्याचे शरीर सहजपणे हालचाल करू शकत नाही, त्याला व्यायामाची गरज इतरांपेक्षा अधिक असते. सतत बसून राहिल्याने सांधे आखडतात, स्नायू दुबळे होतात आणि वजन वाढते. याहून मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. मैत्री जुळते ती बहुधा मैदानावर. हरणे, जिंकणे, भांडणे आणि पुन्हा एकत्र येणे हे सारे मूल तेथेच शिकते. पारावर बसलेले मूल या शिक्षणाला मुकते.

२. उपचारातून खेळाकडे

दिव्यांगांच्या आधुनिक क्रीडा चळवळीची सुरुवात एका रुग्णालयात झाली. डॉ. लुडविग गुटमन हे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आले. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी सुरू झालेल्या विभागाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. अशा रुग्णांनी अंथरुणावर पडून राहावे, ही त्या काळची समजूत त्यांनी नाकारली आणि उपचारांत खेळाला स्थान दिले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकांच्या खुर्चीवरील १६ खेळाडूंची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. याच उपक्रमातून पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उदयास आल्या. पहिली पॅरालिंपिक स्पर्धा १९६० मध्ये रोम येथे झाली.

भारतातही असेच एक उदाहरण घडले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि पोहता पोहता पुन्हा खेळाडू झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

पेटकरांचे पाय पूर्ववत झाले नाहीत. बदलला तो खेळ. मुष्टियुद्धाच्या जागी पोहणे आले आणि त्यांच्या अंगी उरलेल्या बळाला वाट मिळाली.

३. नियम माणसांनीच केलेले

‘नियम म्हणजे नियम, ते एका मुलासाठी कसे बदलायचे?’ असा आक्षेप घेतला जातो. परंतु खेळाचे नियम निसर्गाने घालून दिलेले नाहीत. लंगडीत धडधाकट मूल एक पाय उचलून धावते, कारण खेळाचा तसा नियम आहे. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे असूनही ते बांधून घेतले जातात. अडचण हीच तर या खेळांची गंमत आहे!

हेच तत्त्व गोलबॉल या खेळात दिसते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४६ मध्ये हा खेळ तयार करण्यात आला. प्रत्येक संघात तीन खेळाडू असतात. चेंडूत घंटा असतात. ज्यांना थोडेफार दिसते, त्यांच्यासह सर्व खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे कुणालाच अधिक लाभ मिळत नाही. रेषांच्या पट्टीखाली दोरी असते. हाताच्या व पायाच्या स्पर्शाने ती कळते. चेंडूचा आवाज ऐकू यावा म्हणून खेळ सुरू असताना प्रेक्षकांना शांत बसावे लागते.

बदल मात्र गरजेपुरताच करावा. चाकांच्या खुर्चीवरून टेनिस खेळताना चेंडू दोन टप्प्यांनंतर परतवण्याची मुभा असते, कारण खुर्ची वळवण्यास वेळ लागतो. याउलट, चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये टोपली ३.०५ मीटर उंचीवरच असते; ती खाली आणलेली नाही. जेथे अडते तेथे वाट करून द्यावी आणि जेथे जमते तेथे आव्हान तसेच ठेवावे, हे या शिक्षणाचे मर्म आहे.

४. एक लगोरी, चार बदल

समजा, एका वर्गात दृष्टिहीन मुलगी आणि चाकांची खुर्ची वापरणारा मुलगा आहे. शिक्षकांना लगोरी खेळवायची आहे. प्रथम त्यांनी त्या दोघांनाच विचारावे : ‘तुम्हांला काय जमते? कुठे अडते?’ स्वतःच्या शरीराची माहिती विद्यार्थ्याइतकी दुसऱ्या कुणाला नसते. त्यानंतर चार बाबींचा विचार करावा.

पहिली बाब जागेची. खुर्चीची चाके मातीत रुततात, म्हणून डाव फरशीच्या किंवा सिमेंटच्या अंगणात मांडावा. सीमारेषेवर सुतळी ताणून ती चिकटपट्टीने झाकली की पायाला रेषा कळते.

दुसरी बाब कृतीची. चेंडू मारण्याचे अंतर प्रत्येकाच्या शक्तीनुसार कमी-अधिक ठेवता येते. खुर्चीवरील मुलाला जमिनीपर्यंत वाकता येत नसेल, तर लगोरी स्टुलावर रचावी.

तिसरी बाब साधनांची. चपट्या दगडांऐवजी पत्र्याचे रिकामे डबे रचले की ते कोसळल्याचा आवाज होतो. घंटेचा चेंडू नसेल, तर मऊ चेंडूभोवती प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी. घरंगळताना तो सळसळतो. यासाठी फारसा खर्च येत नाही.

चौथी बाब गड्यांची. एका गड्याने लगोरीमागे टाळ्या वाजवून दिशा दाखवावी आणि नेम धरताना बाजूला व्हावे. ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या उपयोगाचे नसतात. त्याऐवजी ‘तीनच्या दिशेला, पाच पावलांवर’ असे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगावे.

एवढे झाल्यावर या दोघांनाही इतरांसारखेच बाद धरावे. चेंडू खुर्चीला लागला तर गडी बाद, असे आधीच ठरवून घ्यावे. बाद झाल्यावर त्यांचा हिरमोड होईल, ते वाद घालतील आणि पुढच्या डावात त्वेषाने उतरतील. तेव्हाच ते कच्चे लिंबू उरणार नाहीत.

अन्य विद्यार्थ्यांसाठी अन्य बदल लागतात. कर्णबधिर विद्यार्थ्याला शिटी ऐकू येत नाही, म्हणून शिटीबरोबर रंगीत निशाण उंचवावे. सूचना देताना शिक्षकांनी त्याच्याकडे तोंड करावे. ऊन त्यांच्या पाठीवर नव्हे, तर चेहऱ्यावर पडावे, म्हणजे ओठांची हालचाल दिसते. बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला एका वेळी एकच कृती सांगावी, ती करून दाखवावी आणि पुन्हा पुन्हा करवून घ्यावी. स्वमग्न विद्यार्थ्याला गोंगाट व अचानक होणारे बदल यांचा त्रास होऊ शकतो. त्याला तासाचा क्रम चित्रांतून आधीच दाखवावा.

५. काळजी हवी, भीती नको

मुलाला इजा होईल, ही शंका सर्वस्वी निराधार नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. वैद्यकीय तपासणीशिवाय त्यांना कोलांटउडीसारखे मानेवर भार देणारे प्रकार करायला लावू नयेत. अपस्मार असलेला विद्यार्थी पोहू शकतो. मात्र तो पाण्यात असेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवणारी, पोहणे जाणणारी व्यक्ती जवळच हवी. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना कमरेखाली स्पर्श कळत नाही. खरचटले किंवा तापलेल्या फरशीने भाजले तरी उमगत नाही. म्हणून खेळ संपल्यावर त्वचा तपासण्याची सवय लावावी. ज्यांच्या डोळ्यांचा पडदा निसटण्याचा धोका आहे, त्यांनी उड्या व धक्काबुक्की टाळावी.

काळजी आणि भीती यांत फरक आहे. काळजी ‘हे कसे करावे?’ असे विचारते. भीती ‘हे करूच नये’ असे सांगते. काळजी घेणारा शिक्षक एक प्रकार टाळतो आणि दुसरे दहा शोधतो. काही वेळा दिव्यांग विद्यार्थ्याला वेगळा सराव द्यावा लागतो, हेही खरे. पण तो सराव असावा, निव्वळ थांबून राहणे नसावे.

६. हक्काचे मैदान

‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना कोणताही भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजन यांची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी, अशी या कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजेच खेळाचा तास हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके जिंकली. त्यांत गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारी होते. तेही पेटकरांप्रमाणेच सांगली जिल्ह्याचे. परंतु प्रत्येक दिव्यांग मुलाने पदक मिळवावे, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचेच ठरेल. मैदानावर धावणारी इतर मुले तरी कुठे सगळी विजेती होतात? ती खेळतात, कारण खेळण्यात आनंद असतो. म्हणून प्रगती मोजताना विद्यार्थ्याची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच मागील महिन्याशी करावी. काल चेंडू तीन पावले गेला आणि आज पाच पावले गेला, तर तो त्या विद्यार्थ्याचा खरा विजय होय.

पारावर बसलेल्या मुलाला सहानुभूती पुष्कळ मिळते. त्याला हवे असते ते राज्य! आपल्यावर राज्य यावे आणि ते आपण फेडावे, एवढीच त्याची मागणी असते.

शब्दार्थ

गडी – खेळातील भिडू, खेळाडू
पार – झाडाभोवती बांधलेला कट्टा
अनाठायी – अस्थानी, कारण नसलेली
पुनर्वसन – आयुष्याची घडी पुन्हा बसवून देणे
मर्म – गाभा, मुख्य अर्थ
स्वमग्न – ऑटिझम असलेला
अपस्मार – फिट येण्याचा आजार
त्वेष – आवेश

वाक्प्रचार

राज्य येणे – खेळात डाव देण्याची पाळी येणे
जाब विचारणे – खुलासा मागणे
हिरमोड होणे – निराशा होणे
मुकणे – वंचित होणे

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) पहिली पॅरालिंपिक स्पर्धा ........ येथे झाली. (लंडन / रोम / पॅरिस)
(आ) गोलबॉलच्या एका संघात ........ खेळाडू असतात. (तीन / पाच / सात)

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) गोलबॉल सुरू असताना प्रेक्षक शांत का बसतात?
(आ) कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी शिटीबरोबर कशाचा वापर करावा?

भाषाभ्यास

‘विकल + अंग = विकलांग’ आणि ‘दिव्य + अंग = दिव्यांग’ या दोन्ही शब्दांत ‘अ + अ = आ’ असा दीर्घत्व संधी झाला आहे. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण पहिल्या शब्दात उणिवेकडे, तर दुसऱ्यात सामर्थ्याकडे लक्ष वेधले जाते. माणसाविषयी बोलताना शब्दांची निवड विचारपूर्वक करावी लागते, ती यासाठीच.

तुम्ही काय शिकलात?

• खेळातून सूट दिल्याने विद्यार्थी आरोग्य आणि मैत्री या दोहोंना मुकतो.
• जागा, कृती, साधने आणि गडी यांत बदल करून खेळ सर्वांसाठी खुला करता येतो.
• बदल गरजेपुरताच असावा; आव्हान कायम ठेवावे.
• काळजी मार्ग शोधते, भीती मार्ग बंद करते.

पाठान्त प्रश्न

१. ‘सूट दयाबुद्धीने दिलेली असते, पण तिचा परिणाम शिक्षेसारखा होतो’, हे विधान स्पष्ट करा.
२. टेनिस आणि बास्केटबॉल या खेळांच्या उदाहरणांतून कोणते तत्त्व समजते?
३. तुमच्या परिसरातील एक पारंपरिक खेळ निवडा. दृष्टिहीन किंवा चाकांची खुर्ची वापरणाऱ्या गड्यासह तो खेळण्यासाठी कोणते चार बदल कराल, ते लिहा.
४. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या परिचयातील कुणी कधी ‘कच्चा लिंबू’ ठरले आहे का? त्या अनुभवावर दहा ओळी लिहा.