भयाला शब्द देणारी चित्रकथा

हिंगोली जिल्ह्याने २०२४ साली भूकंपाचे धक्के अनुभवले. २१ मार्च रोजी सकाळी सहाच्या सुमारास व १० जुलै रोजी सातच्या सुमारास बसलेल्या धक्क्यांची तीव्रता ४.५ इतकी नोंदली गेली. औंढा नागनाथ, वसमत व कळमनुरी तालुक्यांतील काही गावांना भूगर्भातून येणारे गूढ आवाज त्यापूर्वीही परिचित होते. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आठवणी काढतात आणि मुले त्या ऐकत असतात. घराच्या भिंतीला गेलेल्या तड्याचा पंचनामा होतो. मुलांच्या मनातील धास्तीची नोंद मात्र कोठेच होत नाही.

मूल आपली चिंता क्वचितच शब्दांत सांगते. त्याचे पोट दुखते, मळमळते, झोप मोडते, शाळेत जाणे नकोसे होते. औषधाने गुण आला नाही की ते ढोंग करते असा समज होतो. वस्तुतः ही वेदना खरी असते. भीतीमुळे हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात व पचनक्रिया बिघडते. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करावी आणि शारीरिक कारण न आढळल्यास मुलाच्या मनाकडे वळावे.

या कामी चित्रकथा उपयुक्त ठरते. अमेरिकन चित्रकार रैना टेल्गेमायर यांची ‘गट्स’ ही बालचित्रकादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ आतडी असाही होतो व धैर्य असाही. घरात पोटाच्या विकाराची साथ येते आणि तेव्हापासून शाळकरी नायिकेला उलटीचे भय ग्रासते. पुढे समुपदेशकाशी बोलून ती हळूहळू सावरते. चित्रकथेत तोंडचे शब्द एका फुग्यात, तर मनातील विचार दुसऱ्या फुग्यात असतात. ‘मला काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे वाचकाला एकाच चौकटीत दिसते. मराठी मुलांना १९५२ पासून ‘चांदोबा’ने आणि १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथा’ने सचित्र कथांची गोडी लावली. त्यांतील नायक बहुधा निर्भय असत. भिणारा आणि तरीही सावरणारा नायकही आता मुलांना भेटला पाहिजे.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शिक्षकांनी फळ्यावर चार चौकटी आखाव्यात : जमीन हादरली, माझ्या शरीराला काय झाले, मी काय केले, मी कोणाला सांगितले. मुलांनी त्या आपापल्या वहीत भराव्यात. चित्राला गुण देऊ नयेत, कोणावर सक्ती करू नये व कोणाचे चित्र वर्गात दाखवून हसू होऊ देऊ नये. ‘भूकंप पुन्हा होणार नाही’ असे खोटे आश्वासन देण्यापेक्षा टेबलाखाली आसरा घेणे, डोके झाकणे व हादरे थांबताच मोकळ्या जागेत जाणे यांचा सराव करून घ्यावा. काय करायचे हे ठाऊक असले म्हणजे भीती आटोक्यात राहते.

धास्ती कित्येक आठवडे टिकून झोप, आहार वा शाळा यांवर परिणाम होत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिणे, हे काम प्रत्येक गावाला आजच करता येण्यासारखे आहे.