आपल्या मुळशीचा बर्फ

थंडीत शहरातले लोक मोटारीने दूर मनालीला जातात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाने झाकलेले पांढरे डोंगर बघतात आणि खूश होऊन परत येतात. आपल्या मुळशीत बर्फ पडत नाही. मग थंडीच्या दिवसांत आपण काय बघायचे?

गेल्या पौषात आम्ही पहाटे सहाला पौडहून जीपने निघालो. ताम्हिणीच्या बाजूला एका वाडीत काम होते. वाटेत एका म्हाताऱ्या आजींनी हात केला. त्यांना लेकीकडे जायचे होते. त्यांना पुढे बसवले.

थोडे अंतर गेलो आणि धुके लागले. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आमच्यातला एक जण म्हणाला, "अहो, मोठा दिवा लावा ना!" ड्रायव्हर म्हणाले, "मोठा दिवा लावला तर धुकंच उजळतं, रस्ता दिसत नाही. खालचाच दिवा बरा." त्यांचे खरे होते. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. मोठ्या दिव्याचा झोत त्यांच्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. ड्रायव्हरांनी गाडी अगदी हळू घेतली. काच थोडी खाली केली, म्हणजे समोरच्या गाडीचा आवाज ऐकू येतो. वळणावर हॉर्न दिला. पुढच्या गाडीला मागे टाकण्याची घाई केली नाही. मोटारसायकलवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे. घाटात घाई जिवावर बेतते.

रस्ता वर चढला आणि आम्ही एकदम धुक्याच्या बाहेर आलो. ड्रायव्हरांनी रुंद जागा बघून गाडी रस्त्याच्या पार खाली घेतली. आम्ही उतरलो.

काय सांगावे! सगळी दरी पांढरी झाली होती. धरण नाही, शेत नाही, झाड नाही. पिंजलेला कापूस भरून ठेवावा तशी दरी. त्यातून फक्त डोंगरांचे माथे वर आलेले. सूर्य उगवला तसा त्या पांढऱ्यावर आधी गुलाबी आणि मग पिवळा रंग चढला. हिमालय याहून वेगळा काय असेल, असे आम्हाला वाटले.

तसा वेगळा आहेच. आपल्याकडे बर्फ का पडत नाही, ते बघू. जसजसे उंच जावे तसतशी हवा गार होते. 1,000 मीटर चढलो की साधारण 6 अंश गारवा वाढतो. मुळशीचे पाणी समुद्रापासून सुमारे 600 मीटर उंच आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तेही 1,646 मीटरच. शिवाय आपण हिमालयापेक्षा बरेच दक्षिणेला, म्हणून आपला मुलूख उबदार. बर्फ पडायला ढगातली वाफ गोठावी लागते आणि जमिनीपर्यंत हवाही तशीच थंड असावी लागते. तेवढी थंडी इथे नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी मात्र कडक थंडीच्या काही पहाटे गवतावरचे दव गोठते. त्याला तिथे हिमकण म्हणतात. लोक ते हातात घेऊन बघतात. ऊन आले की संपले.

आणि आपले धुके? हिवाळ्यात रात्री आभाळ मोकळे असते. ढग म्हणजे जमिनीची गोधडी. गोधडी नसली की जमिनीची ऊब निघून जाते. गार हवा जड असते, ती डोंगरावरून उतरून दरीत साचते. धरणाचे पाणी त्या हवेपेक्षा उबदार असते. त्याची वाफ वर येते आणि गार हवेत तिचे थेंब होतात. थंडीत बोलताना तोंडातून वाफ दिसते ना? तेच हे, फक्त दरीभर.

पाण्याला रंग नाही, मग धुके पांढरे का? खडीसाखरेचा खडा काचेसारखा दिसतो. तोच कुटला की पांढरी पिठी होते. बारीक कण झाले की उजेड सगळीकडे उधळतो आणि पांढरे दिसते. बर्फ पांढरा दिसतो तोही याच कारणाने.

आम्ही असे बोलत होतो. आजी गाडीतच बसून होत्या. "धुक्यात काय बघायचं? रोजचंच आहे," म्हणाल्या. मग काय वाटले कोण जाणे, त्याही उतरल्या. बराच वेळ दरीकडे बघत राहिल्या.

"आमचं जुनं घर तिथं खाली आहे, पाण्यात," त्या म्हणाल्या. "मी नाही बघितलं. माझ्या सासूबाईंनीही नाही. पण असं धुकं भरलं की त्या ओटीवर येऊन बसायच्या. म्हणायच्या, आता पाणी दिसत नाही. खाली गाव आहे असं समजावं."

आम्ही गप्प झालो. हे धरण टाटा कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी बांधले. जमिनी वाचवण्यासाठी मावळच्या शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. लोक तुरुंगात गेले, बायाही मागे राहिल्या नाहीत. लढा तीन वर्षे चालला. तरी धरण झाले आणि भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली गेली. अडवलेले पाणी अजूनही डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याला उतरते आणि तिथे वीज तयार होते.

आठ वाजून गेले. ऊन तापले तसे धुके विरायला लागले. आधी एका टेकाडावरची झाडे दिसली. मग काठावरची पावट्याची शेते. मग मधोमध पाणी चमकले आणि बघता बघता सगळीकडे पाणीच पाणी झाले.

आजींनी पदर सावरला. "चला आता," म्हणाल्या. "लेक वाट बघत असेल."