लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना

डीव्हीडीवर चित्रण किती जागा खाईल हे दोनच गोष्टी ठरवतात : त्याची लांबी आणि सेकंदाला खर्च होणारे बिट, म्हणजे बिटरेट. फ्रेमचा आकार या हिशेबात येतच नाही. ७२० × ५७६ चे चित्र ३५२ × ५७६ केले आणि बिटरेट तोच ठेवला, तर फाइल तेवढीच भरते. वाढतो तो फक्त एकेका पिक्सेलच्या वाट्याचा बिटांचा पुरवठा. घरच्या कॅसेटी उतरवणाऱ्यांची फसगत बहुधा इथूनच सुरू होते.

सिंगल लेयर डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. विंडोज हाच आकडा ४.३७ जीबी असा दाखवते, त्यामुळे ४.६ जीबीची फाइल रात्रभर तयार करून सकाळी ती डिस्कवर मावत नाही असे होते. संपूर्ण डिस्क एका तासाला दिली तर सेकंदाला १०.४ मेगाबिट मिळतात, दोन तासांना ५.२, तीन तासांना जेमतेम साडेतीन. तासाभराच्या चित्रणाला डोके चालवायची गरज नाही. डीव्हीडीच्या नियमात चित्राची कमाल मर्यादा ९.८ मेगाबिट आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर तिच्या जवळ गेले की स्वस्त प्लेअर अडखळतात. ८ मेगाबिट पुरेसे होतात. खरी ओढाताण दोन तासांपुढे.

तिथे पहिली काटछाट आवाजात करावी. पीसीएम आवाज सेकंदाला दीड मेगाबिट घेतो, म्हणजे दोन तासांच्या डिस्कचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एसी-३ स्वरूपात १९२ किलोबिटमध्ये व्हीएचएसवरची सनई तशीच ऐकू येते, कारण मूळ ध्वनिमुद्रणातच त्याहून जास्त काही नसते.

मग चित्र. एमपेग-२ पद्धतीत पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एकदा साठवले जाते, मधल्या चित्रांत प्रामुख्याने बदल तेवढे नोंदले जातात. स्टेजवर ओळीने उभे राहून आहेर देणारी मंडळी म्हणूनच थोड्या बिटांत भागतात. अक्षता पडतात तेव्हा मात्र हजारो दाणे वेगवेगळ्या दिशांनी उडतात, त्यातच फोटोग्राफरचे फ्लॅश चमकतात आणि आधीच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही. होमाचा धूरही असाच महागडा. बिट अपुरे पडले की नेमक्या याच क्षणी, ज्यासाठी कॅसेट जपली त्याच क्षणी, चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. यासाठी दोन फेऱ्यांचे बदलत्या बिटरेटचे एन्कोडिंग वापरावे : पहिल्या फेरीत अवघड जागा हेरल्या जातात, दुसरीत आहेराच्या वेळचे वाचलेले बिट तिकडे वळतात. वेळ दुप्पट लागतो, पण तासाभराहून लांब चित्रणाला तो द्यावाच.

जुन्या व्हीएचएस कॅसेटची आणखी एक अडचण म्हणजे चित्रातली रवाळ खरखर. एन्कोडर तिला हालचालच समजतो आणि तिच्यावर बिट उधळतो. आधी सौम्य नॉइज फिल्टर लावल्यास बचत होते. जास्त लावल्यास शालूची जर पुसली जाते. फ्रेमच्या तळाशी थरथरणारी पट्टी काळ्या रंगाने झाकावी, बहुतेक जुन्या टीव्हींवर ती दिसतही नाही. व्हीएचएसचा आडवा तपशील सुमारे २४० रेषांइतकाच असल्याने तीन तासांच्या कॅसेटला ३५२ × ५७६ हा आकार बिनदिक्कत घ्यावा. साडेतीन मेगाबिट त्याला शोभतात, ७२० ला ते अपुरे पडतात. मिनीडीव्ही टेपला मात्र हा सल्ला लागू नाही. तिथे हरवण्यासारखा तपशील खरोखर असतो, म्हणून डिस्क दोन कराव्यात.

निर्णय पूर्ण चित्रण एन्कोड करण्याआधी व्हावा. अक्षतांचे एखादे मिनिट तेवढे एन्कोड करून डीव्हीडी-आरडब्ल्यूवर घ्यावे आणि घरच्या प्लेअरवर, टीव्हीवर पाहावे. संगणकाच्या पडद्यावर इंटरलेस चित्राच्या कडा दातेरी दिसतात आणि दोष नसलेल्या जागी दोष वाटतो. डिस्क काठोकाठ भरू नये : लेखन आतून बाहेर जाते, बाहेरच्या कडेला चुका वाढतात, आणि पाठवणी नेमकी तिथेच येते. तीन-चार टक्के जागा मोकळी राहू द्यावी.

डीव्हीडीवरचे चित्रण पुन्हा दाबून लहान केले की आधीचा दोष कायम राहून त्यात नवा मिसळतो. डीव्ही स्वरूपातली मूळ फाइल तासाला १३ जीबी घेते. ती हार्ड डिस्कवर ठेवल्यास पुढची प्रत तिच्यावरूनच काढता येते.