मज्जारज्जूची इजा, आहार व रोगप्रतिकारशक्ति

झाडावरून पडणें, विहिरींत कोसळणें, बैलगाडी अथवा ट्रॅक्टर उलटणें, हे अपघात शेतकीच्या धंद्यांत नेहमींचेच आहेत. त्यांत पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस इजा झाली म्हणजे हातपाय लुळे पडतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुढें अशा रोग्याच्या जिवावर बेततें तें बहुधा शय्याव्रण, मूत्रमार्गांतील जंतुदोष व फुप्फुसाचा दाह यांमुळें, इकडे घरच्या माणसांचें लक्ष जात नाहीं.

याचें कारण असें कीं, मज्जारज्जु स्नायूंप्रमाणेंच प्लीहा, आंतडीं व मूत्राशय यांसही आज्ञा पोंचवितो. मानेजवळ अथवा छातीच्या वरच्या भागांत इजा झाल्यास रोगजंतूंशीं झगडण्याची शक्ति विशेष मंदावते. आंतड्यांची चाल मंद होऊन त्यांतील उपकारक जंतूंचें प्रमाणही बदलतें. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमन यांनीं अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग काढला. त्यापूर्वीं बहुतेक रोगी थोड्याच काळांत दगावत. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून पंगु झाले, तरी १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. सारांश, निगा राहिल्यास आयुष्य पुढें चालतें.

आहारांत तीन चुका होतात. कोणी रोग्यास पेज-साबुदाण्यावर ठेवतात, त्यानें मांस झडतें. कोणी प्रेमानें तूप-गूळ भरवितात, त्यानें हालचालीअभावीं मेद वाढतो. आणि लघवीची अडचण नको म्हणून पाणी तोडतात, त्यानें मूत्रदोष बळावतो.

कमरेखालीं लुळ्या पडलेल्या ६० किलो वजनाच्या रोग्यास सुमारें १,६५० कॅलरी पुरतात. मात्र व्रण असल्यास प्रथिनें ७२ ते ९० ग्रॅम लागतात. ज्वारीचें पीठ २०० ग्रॅम, तुरीची डाळ १००, शेंगदाणे ३०, दूध अर्धा लिटर व दोन अंडीं, एवढ्यांत सुमारें ७७ ग्रॅम प्रथिनें व १,६५० कॅलरी मिळतात. अंडीं वर्ज्य असल्यास दह्याचें व डाळीचें प्रमाण वाढवावें. जोडीस पालेभाजी व आपल्या नागपुरी संत्र्याच्या फोडी द्याव्या. पेरू व आवळा यांत क जीवनसत्त्व संत्र्याहूनही अधिक असतें. अंधाऱ्या खोलींत न निजवितां रोज थोडें ऊन लागूं द्यावें.

मूत्रपिंड दुर्बळ असल्यास प्रथिनांचें व पाण्याचें माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावें. आहारानें तुटलेली मज्जा सांधत नाहीं, व दर दोन तासांनीं कूस बदलणेंही चुकवितां येत नाहीं. लुळ्या अंगास वेदना कळत नाहीं. यास्तव पाठ व टाचा रोज पाहाव्या, आणि त्वचा लाल दिसल्यास, लघवी गढूळ झाल्यास अथवा ताप आल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.